मागच्या गाडीला सांग

उन्हाळ्याची सहल म्हणून घरून निघालेल्या नोएलीन प्रेंटिसने जानेवारीच्या चार तारखेला सकाळी दोन स्वेटर चढवले, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेतली आणि गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं, तर वाकड्यातिकड्या निलगिऱ्यांवर बर्फ भुरभुरत होता. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. खाली सपाटीवर, गिप्सलंडात, परवाच चाळीस डिग्री झालं होतं, कोंबड्या चोची वासून सावलीत पडल्या होत्या. पण डोंगर आपल्या मर्जीने वागतो आणि त्याबद्दल क्लबात कुणी कुरकुर करत नाही. कुरकुर करायची नाही हा क्लबाचा न लिहिलेला नियम. लिहिलेले नियम एकोणतीस होते, आणि ते तिच्या नवऱ्याला, कॉलिनला, तोंडपाठ होते. का नसतील? त्यातले सतरा त्यानेच लिहिले होते.

चारी चाकं जुंपून डोंगर चढणाऱ्या पाच गाड्या एकामागे एक चालल्या होत्या. सगळ्यात पुढे क्लाइव हॅनराटी, यंदाचा म्होरक्या. त्याच्यामागे दोन गाड्या, चौथी कॉलिनची, आणि सगळ्यात शेवटी लान्स ड्रिस्कॉल एकटाच आपल्या जुन्या हिरव्या गाडीत. शेवटच्याने वाटेतली गेटं लावत यायची असतात, म्हणून तिथे जाणता माणूस लागतो, आणि लान्सएवढा जाणता कुणी नव्हता. अडचण एवढीच होती की कॉलिन आणि लान्स यांच्यात अकरा वर्षं विस्तव जात नव्हता.

म्हणजे दोघांनी क्लब सोडला होता असं नाही. तेवढी अक्कल दोघांपैकी एकालाही सुचली नाही. अकरा वर्षं ते एकाच सहलीला येत, एकाच शेकोटीभोवती बसत, आणि मीठ हवं असलं तर मधल्या माणसाला सांगत. आजवरचे म्होरके दोघांच्या गाड्यांमध्ये तीन गाड्यांचं अंतर ठेवत आले. क्लाइवने मात्र यंदा टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. चौथा कॉलिन निघाला. मागे लान्स होताच.

"क्लाइव," कॉलिन सकाळी साडेआठ वाजता रेडिओच्या माइकमध्ये बोलला, "मागच्या गाडीला सांग, गेटाची साखळी दोन वेढे देऊन लाव म्हणावं."

सगळ्या गाड्यांचे रेडिओ एकाच चॅनेलवर. कॉलिन बोललेलं लान्सला कॉलिनच्याच आवाजात ऐकू जात होतं. तरी क्लाइवने उसासा टाकला आणि म्हटलं, "लान्स, साखळीला दोन वेढे."

"क्लाइव, पुढच्या गाडीला सांग, तो लंगोटात होता तेव्हापासून मी गेटं लावतोय."

"कॉलिन, तो म्हणतो—"

"ऐकलं मी. क्लाइव, त्याला सांग, तो माझ्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठा आहे."

असं दिवसभर चालायचं. मधल्या गाडीतली मंडळी हसत होती. नोएलीन हसत नव्हती. तिने गरम पाण्याची पिशवी उलटी केली आणि नवऱ्याकडे न बघता बाहेर बघत राहिली. लान्स ऐकत असताना ती माइकला हात लावत नसे. अकरा वर्षांत एकदाही लावला नव्हता.

सगळ्याला कारण होतं एक बिडाचं भांडं. कॉलिनचा आजा उन्हाळ्यात याच डोंगरांत गुरं चारायला आणायचा, तेव्हा घोड्याच्या पाठीवर बांधून न्यायचा ते. जाड बुडाचं, तीन पायांचं, झाकणाला कड, म्हणजे वर निखारे ठेवता यावेत. कॉलिन ते कुणाला हातही लावू देत नसे. लान्सला मात्र एका ईस्टरला त्याने ते नेऊ दिलं, कारण लान्स आणि तो सहा वर्षांचे असल्यापासून एका बाकावर बसलेले. ईस्टर झाल्यावर लान्स म्हणाला, मी परत केलं, नोएलीनच्या हातात दिलं. कॉलिनने बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "नाही रे, मला कुठे दिलं?" झालं. एकीकडे सहाव्या वर्षापासूनचा मित्र आणि दुसरीकडे बायको. कॉलिनने बायकोचा शब्द धरला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं, फक्त शब्द खोटा होता.

लान्सने भांडं दिलं होतं. मंगळवारी दुपारी, हातात. त्याची बायको उना गाडीत बसली होती, तिने हात हलवला होता. कॉलिन संध्याकाळी यायचा होता, म्हणून नोएलीनने त्याच भांड्यात मेंढीची तंगडी भाजायला घेतली, त्याला बरं वाटावं म्हणून. तंगडी झकास झाली. भांडं तापलेलं होतं तोवरच तिने ते नळाखाली धरलं. बिडाचं तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरू नये, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नोएलीनलाही ठाऊक होतं. ती बोलत होती फोनवर बहिणीशी, लक्ष नव्हतं. टण् असा आवाज झाला आणि कॉलिनच्या आजाच्या भांड्याची दोन शकलं तिच्या हातात आली.

तिने ती परसातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरली. दारात पाय ठेवताच कॉलिनने विचारलं तेव्हा ती "नाही" म्हणाली, ते फक्त जेवणं होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून. जेवणानंतर सांगणार होती. पण जेवणाआधीच त्याने लान्सला फोन लावला, आणि फोनवर जे काही झालं त्यानंतर सांगायचं धाडस तिला झालं नाही. मग आठवडा गेला. मग वर्ष गेलं. सांगायला जितका उशीर तितकं सांगणं अवघड, हा हिशोब ती रोज करत होती आणि रोज त्यात एक दिवस वाढत होता.

त्यात लिंबाचं झाड असं बहरलं की विचारू नका. कॉलिन सगळ्या गावाला पिशव्या भरभरून लिंबं वाटायचा आणि म्हणायचा, "मातीच तशी आहे आमची." लान्सला सोडून सगळ्यांना. आताही मागच्या सीटवर लिंबांची एक पिशवी होती.

अकरा वाजता पुढच्या चार गाड्या खाली उतरून एका ओढ्यातून पार झाल्या. वर बर्फ होता तसा इथे पाऊस कोसळत होता आणि ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं. पलीकडे चढ चढून पुन्हा बर्फात तिठा आला. एक वाट डावीकडे, एक उजवीकडे, आणि पाटी कुणाच्या तरी गाडीखाली येऊन कधीच मोडलेली. पुढची गाडी उजवीकडे गेली होती. कॉलिनने गाडी तिठ्यावर उभी केली आणि थर्मासातला चहा ओतला.

हा नियम सहावा. तिठ्यावर मागची गाडी नजरेला पडेपर्यंत थांबायचं. तिने तुम्हाला पाहिलं, कुठे वळायचं ते तिला कळलं, की मगच निघायचं. क्लबाच्या चाळीस वर्षांत या नियमामुळे एकही गाडी हरवली नव्हती. नियम अर्थातच कॉलिनने लिहिला होता.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पुढच्या गाड्या खिंड ओलांडून डोंगराआड गेल्या, आणि त्यांच्याबरोबर क्लाइवचा आवाजही गेला. रेडिओला डोंगर भेदता येत नाही. लान्स काही दिसेना.

"विचार त्याला," नोएलीन म्हणाली.

"क्लाइव विचारेल."

"क्लाइव डोंगरापलीकडे आहे, कॉलिन."

कॉलिनने चहा संपवला, कप पुसून ठेवला आणि माइक उचलला. "क्लाइव, ऐकू येत असेल तर मागच्या गाडीला विचार, ती कुठे आहे."

थोडी खरखर झाली. मग लान्सचा आवाज आला. "क्लाइव, ऐकू येत असेल तर पुढच्या गाडीला सांग, मी जेवतोय."

"क्लाइव, त्याला विचार, कुठे जेवतोय."

"क्लाइव, सांग, ओढ्यात."

नोएलीन सावरून बसली. कॉलिनची भुवईसुद्धा हलली नाही. "क्लाइव, ओढ्यात म्हणजे काठावर की आत?"

"आत, क्लाइव. मागचं चाक दगडांमध्ये गेलं. इंजिन बंद पडलंय. एरवी सगळं छान आहे. सँडविच छान आहे."

"आणि पाणी किती आहे, क्लाइव?"

"पुरेसं आहे, क्लाइव."

 लान्स, थंडी असो की काही असो, बारा महिने हाफपँटच घालायचा, तीही अशी आखूड. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. "जा ना," नोएलीन म्हणाली, "चारशे पावलांवर तर आहे ओढा."

"तिठा सोडता येत नाही," कॉलिन म्हणाला. "नियम सहा. आणि अडकलेल्या गाडीला टोचन मागितल्याशिवाय लावायचं नाही. नियम चौदा. गाडीच्या मालकाने स्वतःच्या तोंडाने मागायचं, ज्याच्याकडे मागायचं त्याचं नाव घेऊन. मागे एकाचा अख्खा बंपर उपटून आला होता, तेव्हा कोर्टापर्यंत—"

"मला माहीत आहे नियम चौदा."

"मग त्याने मागावं." कॉलिनने पुन्हा बटण दाबलं. "क्लाइव, त्याला सांग, काही हवं असेल तर माग म्हणावं."

"क्लाइव, मला काही नकोय. कुणी आपणहून देत असेल तर ती गोष्ट निराळी."

"क्लाइव, आपणहून कुणी देत नाहीये."

"मग मी केक खातो, क्लाइव."

दोन म्हातारे अशा माणसाशी बोलत होते जो तिथे नव्हताच, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. नोएलीनने डोळे मिटले. तेवढ्यात रेडिओवर तिसराच आवाज आला, जाडाभरडा, तंबाखूचा.

"ए बाबांनो, हा क्लाइव कोण ते मला ठाऊक नाही, पण तो काही ऐकत नाहीये. मी व्हर्न. खाली दरीत मेंढ्यांचा ट्रक घेऊन चाललोय. मघापासून तुमचंच ऐकतोय."

कॉलिनचा चेहरा उजळला. "व्हर्न, देवासारखा भेटलास. जरा मागच्या गाडीला सांग, पाणी दारापर्यंत आलं की बॅटरीची तार काढ म्हणावं."

"अहो, पण तो ऐकतोय की."

"तू सांग तर खरं."

 व्हर्नच्या मागे मेंढ्या ओरडत होत्या. "मागच्या गाडीवाले, तुम्हाला म्हणतायत, तार काढा."

"व्हर्न, पुढच्या गाडीला सांग, तार मघाशीच काढली, रेडिओ दुसऱ्या बॅटरीवर चालतोय. आणि सांग, आता पाणी पायाशी आलंय, मोजे ओले झालेत, पण मोजे तसेही धुवायला झाले होते."

"पुढच्या गाडीवाले, त्यांचे मोजे—" व्हर्न थांबला. "हे बघा, माझ्या दोन मेंढ्या आहेत अशाच. एक दारात अडून बसते, दुसरी तिच्यामागे. त्यांना मी लाथ घालतो. तुमच्यापैकी कुणीतरी त्या माणसाला ओढून काढा ना."

"तो मागत नाही," कॉलिन म्हणाला.

"तो देत नाही," लान्स म्हणाला. त्याचे दात वाजत होते. ते रेडिओवरही ऐकू आलं.

ते दात वाजणं ऐकून नोएलीनला एकदम लख्ख कळलं की हे दोघे असेच बसून राहतील. संध्याकाळपर्यंत बसतील. लान्स त्या ओढ्यात काकडून मरेल पण नाव घ्यायचा नाही, आणि कॉलिन तिठ्यावर नियम सांभाळत बसेल आणि मग जन्मभर रडेल. आणि तो उद्दाम नव्हता, मूर्खही नव्हता. त्याने फक्त तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. अकरा वर्षं तो माणूस तिच्यासाठी हट्टाला पेटला होता आणि ती मूग गिळून शेजारी बसली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की थंडी वाजायची थांबली.

तिने नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"लान्स," ती म्हणाली, "मी नोएलीन बोलतेय."

रेडिओवर मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या.

"तू भांडं माझ्या हातात दिलं होतंस. मंगळवारी. उना गाडीत होती, निळा रुमाल बांधला होता तिने. भांडं मी फोडलं. गरम असताना नळाखाली धरलं. कॉलिनने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. तू खरं बोलत होतास." तिचा अंगठा बटणावरून निघत नव्हता. "लिंबाच्या झाडाखाली पुरलंय."

तिने बटण सोडलं. 

"बाई," व्हर्न हळूच म्हणाला, "हे मी कुणाला सांगायचं आहे का?"

"नको, व्हर्न. पोचलं ते."

कॉलिन समोरच्या काचेकडे बघत होता. वायपर फिरत होता, बर्फ बाजूला सारत होता, पुन्हा बर्फ येत होता. त्याने वायपर बंद केला. मग दार उघडून उतरला, कॉलर वर केली आणि ओढ्याकडे चालू लागला. किल्ली तशीच लटकत होती, इंजिन चालू होतं.

"कॉलिन," नोएलीनने हाक मारली, "तिठा."

तिच्या तोंडून तेवढंच आलं. तो वळला नाही. नियम लिहिणारा माणूस नियम सहा तोंडात न आणता वाटेवरून दिसेनासा झाला.

आता काय करायचं ते नोएलीनला चांगलं ठाऊक होतं. तिठा रिकामा ठेवायचा नाही, हेही ठाऊक होतं. तिने मागून घडीची खुर्ची काढली, तिठ्यावर मधोमध मांडली, तिला आपला लाल रेनकोट घालून बटणं लावली आणि वर टोपी बसवली. खुर्ची उजवीकडे तोंड करून बसली. मग नोएलीन चालकाच्या जागेवर सरकली. कॉलिन तिला घरच्या शेडमधूनही गाडी मागे घेऊ देत नसे, धक्का लागेल म्हणायचा. तिने उलटा गिअर टाकला आणि चिखलाच्या उतारावरून चारशे पावलं गाडी उलटी नेली. धक्का कुठेही लागला नाही.

ओढ्यात लान्सची हिरवी गाडी एका अंगावर कलून बसली होती. कॉलिन कमरेइतक्या पाण्यात तिच्या खिडकीशी उभा होता. एक हात खिडकीत. नोएलीनने काच खाली केली.

"—उनाच्या मातीला आला नाहीस," लान्स म्हणत होता.

"आलो होतो. गाडीत बसलो होतो, चर्चसमोर."

"दिसली होती गाडी. तासभर दिवे चालू ठेवून बसला होतास. मला वाटलं, बॅटरी उतरणार गाढवाची."

"उतरली ना."

"मग?"

"तुझ्या जावयाने धक्का मारला."

"बोलला नाही तो मला कधी."

"मीच नको म्हणालो होतो."

 पाणी दोघांच्या मधून वाहत होतं.

"तू सांगितलं होतंस," कॉलिन म्हणाला. "मी ऐकलं नाही."

"बायको आहे ती तुझी. मीही नसतं ऐकलं."

"चल, माग आता."

"काय?"

"टोचन. नियम चौदा."

"गारठून माझी—" लान्सने मान हलवली. "कॉलिन प्रेंटिस, मला टोचन लाव."

"लावतो की. अकरा वर्षं वाट बघतोय."

कॉलिनने टोचनाचा पट्टा नोएलीनच्या गाडीच्या मागच्या हुकात अडकवला, दुसरं टोक लान्सच्या गाडीला. पट्टा अडकवताना तो तिच्या खिडकीजवळून गेला पण बघितलं नाही. मग पाण्यात परत जाऊन उभा राहिला.

"लान्स," तो मोठ्याने म्हणाला, "पुढच्या गाडीतल्या बाईला सांग, हळू गिअर, दुसरा, आणि झटका देऊ नकोस म्हणावं."

नोएलीन पाच हात अंतरावर होती. लान्सने तिच्याकडे बघितलं, कॉलिनकडे बघितलं.

"नोएलीन, हळू गिअर, दुसरा. झटका नको."

"लान्स," ती म्हणाली, "त्याला सांग, मी बारा वर्षांची असल्यापासून ट्रॅक्टर चालवतेय."

गाडी बाहेर आली. मागचं चाक दगडातून सुटलं तेव्हा मोठा आवाज झाला, पण काही मोडलं नाही, बंपरही जागेवर राहिला. लान्स उतरला. त्याचे उघडे गुडघे जांभळे पडले होते आणि तो उभ्या उभ्या थरथरत होता. नोएलीनने गरम पाण्याची पिशवी त्याच्या हातात दिली. ती जेमतेम कोमट राहिली होती. कॉलिन पट्टा गुंडाळायच्या निमित्ताने लांब गेला.

"लान्स, मला माफ कर," ती म्हणाली. अकरा वर्षं तिने या वाक्याच्या आगेमागे बरंच काही रचून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

लान्सने पिशवी पोटाशी धरली. "उनाला मी म्हटलं होतं, जाऊन तिच्या तोंडावर विचारतो. उना म्हणाली, अजिबात जायचं नाही. काहीतरी झालंय, घाबरलीय ती. आपणहून सांगेल. एक आठवडा दे तिला." त्याने नाक पुसलं. "मी दिला."

नोएलीन रडायला लागली. उना दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. शेवटच्या आजारात नोएलीनने तिच्या दारात सूप ठेवलं होतं, घंटा न वाजवता, चोरासारखं.

"सूप तुझंच होतं, हे ती ओळखायची," लान्स म्हणाला. "मीठ कमी असतं म्हणायची." आणि जरा थांबून म्हणाला, "तिचा आठवडा जरा लांबला, एवढंच."

इतक्यात गाडीतल्या रेडिओवर क्लाइवचा आवाज फुटला. तो वाट वाकडी करून परत आला होता. "कॉलिन, अरे कॉलिन, तिठ्यावर आलोय मी. तुझी गाडी कुठेय? आणि बायकोला बर्फात खुर्चीवर का बसवलंस? मी मघापासून हाका मारतोय, बोलत नाहीये ती. भांडलात का तुम्ही?"

"क्लाइव," लान्सने आपल्या गाडीतला माइक उचलला, "तिला त्रास देऊ नकोस. ती नियम पाळतेय."

"लान्स? पुढच्या गाडीला मी काही सांगायचं आहे का?"

"आता गरज नाही. कॉलिन इथे माझ्या बाजूला आहे."

क्लाइवच्या आधी व्हर्नलाच राहवलं नाही. "झालं ते बरंच झालं," तो दरीतून म्हणाला. "मी पुढे डांबरी रस्त्याला लागतोय, आवाज जाईल. ती खुर्ची विसरू नका."

लान्सच्या गाडीची बॅटरी जोडली, एअर फिल्टर कोरडा निघाला, इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं. कॉलिन नोएलीनच्या गाडीपाशी आला. ती पलीकडे सरकू लागली. पण त्याने मागचं दार उघडलं, आपली पिशवी घेतली, कोरडी पँट घेतली, लिंबांची पिशवी घेतली आणि लान्सच्या गाडीत जाऊन बसला. जाताना आरशात तिला दिसलं, त्याने लिंबांची पिशवी लान्सच्या मांडीवर ठेवली आणि लान्सने त्यातलं एक हातात घेऊन वास घेतला.

म्हणजे आता गाडी तिने चालवायची. चौथ्या नंबरावर, एकटीने. तिने गाडी चढावर घातली. तिठ्यावर खुर्ची बर्फाने पांढरी झाली होती, क्लाइव पुढे निघून गेला होता. नोएलीनने गाडी थांबवली, खुर्चीवरचा बर्फ झटकला, रेनकोट स्वतःच्या अंगावर घातला आणि गाडीत बसून राहिली. मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. मागच्या गाडीत लान्स होता आणि तिचा नवरा होता.

रेडिओ खरखरला.

"लान्स, पुढच्या गाडीला विचार, झाडाच्या कुठल्या बाजूला." तो कॉलिनचा आवाज होता.

"नोएलीन, कुठल्या बाजूला?"

"लान्स, त्याला सांग, कुंपणाच्या बाजूला."

"लान्स, तिला सांग, दर हिवाळ्यात तिथे मी कोंबड्यांचं खत घालत होतो. हातांनी."

"लान्स, सांग, मला माहीत आहे. मी खिडकीतून बघायची. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

खरखर. मग कॉलिन म्हणाला, "लान्स, तिला सांग, घरी गेलो की खणून काढणार."

"लान्स, त्याला सांग, मुळं गुंडाळली असतील त्याच्याभोवती. झाड मरेल."

 नोएलीनने माइक मांडीवर ठेवला. हे असंच चालणार असेल तर चालू दे, ती मनात म्हणाली. अकरा वर्षं चालायचं तर अकरा वर्षं. तो ऐंशीचा होईल आणि मी अठ्ठ्याहत्तरची, आणि मीठ हवं असलं की लान्सला बोलवावं लागेल.

"कॉलिन," रेडिओवर लान्स म्हणाला, "मला आता कंटाळा आलाय. मी काही पोस्टमन नाही. तुला काय सांगायचं ते तूच सांग."

"ह्या," कॉलिन म्हणाला.

मग बराच वेळ काही नाही. बटण मात्र दाबलेलं होतं, कारण लान्सच्या गाडीचा वायपर ऐकू येत होता, आणि कुणीतरी घसा खाकरल्याचं.

"नोएलीन," कॉलिन म्हणाला. "तिठ्यावर थांब. आम्ही दिसल्याशिवाय हलू नकोस."

"थांबलेय," ती म्हणाली.

आरशात त्यांचे दिवे केव्हाचे दिसत होते. ते चढ चढून जवळ आले, अगदी मागे येऊन उभे राहिले. तिने गाडी हलवली नाही.